गॅस वाढव गं

सिलिंडर दारापाशी काढून ठेवला होता आणि इंद्रजीत गड सर केल्यासारखा त्याच्याभोवती फिरत होता. दुपारी एजन्सी बंद व्हायच्या आत तो परत करायचा, कनेक्शनच रद्द करायचं, म्हणजे घरात पुन्हा आगीची भानगड नको. ओट्यावर शेगडीच्या जागी इंडक्शनची काळी काच चकाकत होती. आईला विचारलं होतं का? विचारलं होतं की! कोणत्या रंगाचं आणू, एवढं.

आनंदीबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. पुण्याजवळच्या मांजरी गावातली ही इमारत जिथे उभी आहे, तिथल्या उसाला या बाईने पाणी पाजलं होतं, भरल्या घराचा स्वयंपाक एकटीने रेटला होता. पण मंगळवारपासून तिचा आवाजच बसला होता. कडी लावली का, हे पुन्हा पुन्हा दाराशी जाऊन बघायची. घरात एकटी असली की चहासुद्धा करायची नाही. इंद्रजीतने स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती आणि आईला एकटं सोडायचं नाही, असा हुकूमही काढला होता.

लग्नाला दोनच महिने झालेल्या ऋतुजाला हे बघवत नव्हतं. मंगळवारी घरात तीच होती.

त्या दिवशी ती घरूनच काम करत होती. कानात हेडफोन, समोर मीटिंग. आनंदीबाई कुरडया तळत होत्या. खालून शेजारणीची हाक आली, तशा त्या जाता जाता म्हणाल्या, "ऋतुजा, गॅस वाढव गं." ऋतुजाने उठून ज्योत मोठी केली आणि पुन्हा मीटिंगला बसली. सासूबाई लगेच येतील, अशी तिची समजूत. त्या आल्या त्या धुराच्या वासाने. कढईतल्या तेलाने पेट घेतला होता, भिंत काळी झाली होती, वरचा एक्झॉस्ट पंखा वितळला होता. झाकण टाकून दोघींनी कशीबशी आग आवरली.

संध्याकाळी इंद्रजीतने विचारलं, तेव्हा आनंदीबाई म्हणाल्या, "मी हिला सांगून गेल्ते."

"बंद कर असं नाही म्हणाल्या," ऋतुजा म्हणाली.

ते खरंच होतं. आपण ज्योत मोठी केली, हे मात्र तिने गिळलं. आल्या आल्या सुनेने घर पेटवलं, हे कोण ऐकून घेणार? शिवाय तेल तापत ठेवून निघून जाणाऱ्या बाईचं डोकं ठिकाणावर नसणार, असं तिलाही मनापासून वाटत होतं. अर्धं सत्य फार सोयीचं असतं, त्याची बोचणी उशिरा लागते.

आज सिलिंडर न्यायच्या आधी इंद्रजीत म्हणाला, "चल, या इंडक्शनवर दूध ठेवून दाखव आईला."

ऋतुजाने पातेलं ठेवून बटण दाबलं. बघता बघता दूध काठाशी आलं.

"अगं वाढव! वाढव गं!" आनंदीबाई ओरडल्या.

ऋतुजाने घाईघाईने आच आणखी चढवली. दूध काचेवरून ओट्यावर आणि ओट्यावरून फरशीवर आलं. इंद्रजीतने हसत हसत भिंतीवरचं बटण बंद केलं.

"तुझ्या माहेरी बिबवेवाडीत शिकवत नाहीत वाटतं हे! अगं, वाढव म्हणजे बंद कर. चुलीला, दिव्याला आई कधी बंद कर, विझव म्हणत नाही. दुकान वाढवतात, बांगडी वाढवतात, तसं."

"चूल विझली म्हंजी घर बसलं. असलं तोंडातनं काढू न्हाई," आनंदीबाई पुटपुटल्या.

ऋतुजाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. तिला कळलं होतं, पण ते तिलाच कळलं होतं. मंगळवारचा तो शब्द तिने कुणाला सांगितलाच नव्हता. निमूट दूध पुसलं असतं तर जन्मात कुणाला पत्ता लागला नसता. इंद्रजीत सिलिंडर लिफ्टकडे ढकलू लागला.

आनंदीबाईंनी कमरेची किल्ली काढून ऋतुजापुढे धरली. "ही बी तुझ्याकडंच ठेव बाई. उद्या दार उघडं टाकून जायची मी. माझा काय भरवसा."

"इंद्रजीत, थांब," ऋतुजा म्हणाली. "मंगळवारी आई मला गॅस वाढव म्हणाल्या होत्या. मी मोठा केला."

सिलिंडर जागीच थांबला. इंद्रजीत बायकोकडे असा बघत राहिला, की तिला वाटलं, यापेक्षा हा ओरडला असता तर बरं.

"म्हंजी मी सांगितलं व्हतं?" आनंदीबाईंनी विचारलं.

"हो."

"तोंडानं? नुसतं मनातल्या मनात न्हाई?"

"तोंडाने, आई. मी ऐकलं होतं."

आनंदीबाई त्या सांडलेल्या दुधातच खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या. "मला माझंच भ्या वाटत व्हतं गं," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. ऋतुजाने खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी झटकला.

बऱ्याच वेळाने इंद्रजीतने दबकत विचारलं, "आई, मग हा सिलिंडर...?"

त्या ओट्याला धरून उठल्या. आवाज पुन्हा पहिल्यासारखा खणखणीत झाला होता. "आत आन. ती काच बी ऱ्हाऊ दे. कशावर काय शिजवायचं ते माझं मी बघंन. त्या डाक्टरला कळव, म्हातारी येत न्हाई." मग ऋतुजाकडे न बघता त्यांनी फडकं तिच्या हातातून काढून घेतलं. "आन तू चार दिवस माझ्याशी बोलू नगंस."