लगन का तेरवी?

मी एक जुना तांब्याचा गंज आहे, मित्रांनो. लोखंडावर चढतो तो गंज नव्हे. आमच्या राळेगावकडे स्वयंपाकाच्या मोठ्या भांड्याला गंज म्हणतात. मी एवढा मोठा आहे की तुमच्यातली दोघं-तिघं माझ्यात लपली, तर शोधणारा दमून घरी निघून जाईल. सध्या मारुतीच्या देवळामागच्या खोलीत पालथा पडून असतो. पोटाखाली अंधार आणि पाठीवर चिमण्यांची शिट.

माझा जन्म हातोडीखाली झाला. तांबटाने इतके ठोके दिले की अंगावर मोकळी जागा उरली नाही. जवळून पाहाल तर ते ठोके अजून दिसतात, देवीच्या वणांसारखे. त्या वर्षी कापूस बरा पिकला होता. गावाने वर्गणी करून मला घेतलं आणि बैलबंडीत बसवून वाजतगाजत आणलं. मी कुण्या एका घराचा नाही, साऱ्या गावाचा आहे. निदान तसं म्हणायची पद्धत आहे.

मला कामं दोनच. गावात लग्न असलं की मी निघायचो, आणि गावातलं कुणी गेलं की तेरवीला निघायचो. माझ्या कड्यांतून बांबू घालून दोघे गडी मला खांद्यावर घ्यायचे. कड्या खळखळ वाजायच्या. तो आवाज ऐकला की हातातला खेळ टाकून पोरं अनवाणी धावत यायची आणि माझ्यामागे गात चालायची :

गंजा गंजा, कुठी चालला?
कोणाच्या दारी?
लगन का तेरवी?
सांग लवकरी!

उचलणारा गडी ओरडून उत्तर द्यायचा. 'लगन!' म्हटलं की पोरं नाचायची. 'तेरवी' म्हटलं की गप्प व्हायची, पण मागे यायची थांबत नसत, कारण पंगत दोन्हीकडे असते. उत्तर मात्र खरंच द्यायचं, अशी रीत होती. ती कुणी घालून दिली कोण जाणे. आमच्या गावच्या लेकरांना मरण पहिल्यांदा कळायचं ते असं, माझ्या कड्यांच्या आवाजातून, शिजणाऱ्या वरणाच्या वासासोबत.

लग्नाच्या दिवशी बायका माझ्याभोवती बसून ओव्या म्हणायच्या. त्यांत एका बाईचा गळा फार गोड होता. ती म्हणायची :

मांडवाच्या दारी, गंजात शिजे दाळ,
लेक निघाली सासरी, मागे ठेवून आभाळ.

ही वैष्णवीची आई; वैष्णवी तुम्हाला पुढे भेटेलच. गावात कुणाचंही लग्न असो, ती आल्यावाचून राहत नसे. एवढं लक्षात ठेवा, मित्रांनो.

आणखी एका बाईची ओळख करून देतो. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धपुरा आहे. तिथली माणसं जेवायला यायची, पण दूर बसायची. त्यांचा हात माझ्या काठाला लागू नये म्हणून गाव जपायचं. मी तांब्याचा, मला हाताहातांतला फरक कळत नाही. गरम आणि थंड तेवढं कळतं. पुऱ्यातली प्रभावती लहान असताना एकदा माझ्यात डोकवायला आली, तर कुणीतरी खेकसलं, "ए पोट्टे, दूर हो!" ती दूर झाली. पण माझ्या नव्या कल्हईत तिचा चेहरा क्षणभर उमटला होता. तो मी ठेवून घेतला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावण होता. गावचे मजूर नाल्यापलीकडच्या शेतात निंदणाला गेले होते. आमच्यावर उघाड होती, पण वरच्या अंगाला आभाळ शाईसारखं काळं झालं होतं. दुपारी माणसं परत निघाली. नाल्यात मांडीएवढं पाणी होतं. रोजच्यासारखे हात धरून सगळे उतरले. मग वरून लोंढा आला, आणि तो उभाच आला. हात धरलेले होते, म्हणून एकामागोमाग एक सगळेच गेले. नाल्याकाठची घरंही गेली.

लेकरं शाळेत होती म्हणून वाचली.

माणसं खाली बंधाऱ्यापाशी सापडली. वैष्णवीची आई आणि बाबा जवळजवळच होते. मोठ्यांनी घाईनं सगळं उरकलं. "लहान्या लेकराले कायले दाखवता?" असं म्हणाले. वैष्णवी सहा वर्षांची. तिला कुणी काही सांगितलं नाही. तिचा भाऊ कपिल पाच वर्षांनी मोठा. त्याला कुणी सांगायची गरज पडली नाही. आजी वच्छलाबाई तेवढी मागे राहिली होती, आणि तिला नीट दिसत नव्हतं.

घरं गेलेली सगळी माणसं टेकाडावरच्या शाळेत आली. त्या दिवशी सगळ्यात आधी तिथे पोहोचली ती प्रभावती, डोक्यावर आपल्या घरचे तांदूळ घेऊन. तिला कुणी बोलावलं नव्हतं. एवढ्या माणसांना पुरेल असं भांडं गावात एकच होतं. ती गावातल्या वडीलधाऱ्या नानाजींकडे गेली. देवळामागच्या खोलीची किल्ली त्यांच्या करगोट्याला असायची.

"नानाजी, गंज पाह्यजे."

ओट्यावर बसलेला एक जण म्हणाला, "पुऱ्यातली बाई रांधन आता गंजात?"

नानाजींनी किल्ली सोडली. "गाव बुडून राह्यलं, अन तुले हात दिसून राह्यले? ऊठ, बांबूले खांदा दे."

त्यानेच खांदा दिला.

शाळेच्या अंगणात लेकरं भिंतीला टेकून बसली होती. माझ्या कड्या वाजल्या, पण एकही उठलं नाही. मग एकटी वैष्णवी उठली. वेणी सुटलेली, एका पायात चप्पल. धावत माझ्याजवळ आली, काठ धरला आणि गाऊ लागली. त्यातला प्रश्न तिने खणखणीत म्हटला, "लगन का तेरवी?"

गड्यांनी माना खाली घातल्या. नानाजी दुसरीकडे पाहू लागले. सारं अंगण त्या लेकराकडे पाहत होतं, आणि ते लेकरू प्रभावतीकडे.

प्रभावतीने तिची सुटलेली वेणी मागे सारली. मग ती म्हणाली, "लगन आहे, बाई. लगन."

माझ्यासमोर बोललं गेलेलं ते पहिलं खोटं. मायेनंच बोललेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून खूप माणसं आली. यवतमाळच्या कॉलेजची मुलं-मुली आली. ब्लँकेटं आणली, बिस्किटं आणली, रंगाच्या पेट्या आणल्या. भली पोरं होती. पोरींनी लहानग्यांच्या वेण्या घातल्या, पोरांनी चिखल उपसला. वैष्णवीला सांगितलेलं लगन त्यांच्या कानावर गेलं. "हसतेय ना ती? हसू दे," म्हणाली. मग कुणी दाराला आंब्याचं तोरण बांधलं. कुणी राळेगावहून बुंदी आणली. खोट्याला असे हळूहळू पाहुणे जमले.

"नवरी कुठी आहे?" वैष्णवी विचारायची.

"येऊन राह्यली."

"मंग माही मायबी येईन. मायशिवाय लगन लागतच नाही."

तिला एक डबा मिळाला होता. वाढलेली बुंदी ती त्या डब्यात टाकायची. हळूहळू पोळीही तिकडेच जाऊ लागली. "माय आली का जेवतो," म्हणायची. भुकेनं डोळे खोल गेले, पण डबा उशाशी घेऊन ती रस्त्याकडे पाहत बसे. प्रभावती घास घेऊन मागे फिरायची. "एक घास खा वं माय, माह्यासाठी." तोंड घट्ट मिटलेलं. डॉक्टर आले, टॉनिक देऊन गेले. लेकरू सुकतच गेलं. माझ्यात भात शिजत होता आणि माझ्यासमोर एक जीव उपाशी मरत होता. भांड्याला यापरतं दुःख नाही.

एकदा कपिलने ताट भिरकावलं. ते माझ्यावर येऊन आदळलं. तो प्रभावतीवर ओरडला, "तुमी लगन लावून मोकळे झाले! राती माह्या कुशीत मी झोपोतो तिले. माय आली का, माय आली का, माहा जीव खाते ते. काय सांगू मी? सांगा ना, काय सांगू?"

प्रभावतीने त्याला जवळ ओढलं. तो आधी हात झाडत राहिला, मग तिच्या खांद्यावर कोसळला.

कॉलेजची मुलं परीक्षेसाठी परतली. जाताना रडली, फोटो काढले, पुन्हा येऊ म्हणाली. आपला बॅनर उतरवून नेला, तोरण तसंच राहिलं. पानं वाळून खडखड वाजत. मग साऱ्या गेलेल्यांची मिळून एकच तेरवी करायचं ठरलं, आणि त्यासाठी मी लागणार होतो.

"पोट्टीले त्या दिवशी मामासंग उमरखेडले धाडून देऊ," कुणीतरी सुचवलं. सगळ्यांना पटलं. प्रभावतीलाही पटलं. तिनेच वैष्णवीची वेणी घातली, फ्रॉक चढवला, आणि डबा हातात दिला. मामा गाडीला किक मारत होता.

तेवढ्यात दोघा गड्यांनी मला उचललं. शाळेतून मला देवळापुढच्या मांडवात न्यायचं होतं. माझ्या कड्या वाजल्या.

मला जमलं असतं तर मी त्या आवळून धरल्या असत्या. पण कडी ती कडी.

वैष्णवी गाडीवरून उतरली. डबा छातीशी धरून धावत आली. धाप लागली होती. गाणं म्हणायला श्वास उरला नव्हता. नुसतंच विचारलं, "लगन का तेरवी?"

मामा म्हणाला, "लगन, लगन. चाल, बस गाडीवर."

पण ती मामाकडे पाहतच नव्हती. प्रभावती तिच्यापुढे मातीत उकिडवी बसली.

"तेरवी आहे, बाई."

"कोणाची?"

"तुह्या मायची. तुह्या बाबाची. नाल्यात गेले ते सगळ्याइची."

अंगणात फक्त वाळल्या तोरणाचा आवाज.

"माय येणार नाही?"

"नाही."

"कपिलदादाले माईत आहे?"

"आहे."

"मंग तू लगन काहून मनली?"

"भेली मी."

"तू त मोठी आहे."

"मोठ्या बायाबी भेतात, माय."

वैष्णवीने डब्याने तिला मारलं. खांद्यावर, डोक्यावर, जिथे लागेल तिथे. प्रभावतीने हात आडवा धरला नाही. मग ते लेकरू रडलं. आई गेल्यानंतर पहिल्यांदा रडलं. कपिलही आला. तो तिच्याएवढाच होऊन रडला. मामाने गाडी बंद केली.

मांडवात पंगत बसली. गेलेल्यांसाठी आधी पानं मांडली होती. वैष्णवीचे डोळे सुजले होते. "मायचं पान कोणतं?" तिने विचारलं. नानाजींनी दाखवलं. तिने डबा उघडला. बुंदीला पांढरी बुरशी आली होती. ती सगळी तिने पानावर ओतली, बोटांनी गोळा करून नीट मांडली. कुणी नाही म्हटलं नाही.

मग ती प्रभावतीला म्हणाली, "मावशी, आता तू वाढ."

प्रभावतीचा हात माझ्या डावावर थबकला. तेरवीचं पान पुऱ्यातल्या बाईने वाढायचं, हे या गावात कधी झालं नव्हतं. दोन-चार माना वळल्या.

"वाढ बाई," नानाजी म्हणाले. "भात थंडा होऊन राह्यला."

तिने मायचं पान वाढलं, बाबाचं वाढलं. मग शेजारी वैष्णवीचं. वैष्णवी त्या पानाला लागून बसली आणि जेवली. नाक ओढत, हुंदके देत, पण जेवली. वरण पुन्हा मागितलं. भांडी घासताना प्रभावती गुणगुणत होती :

नाल्या रे नाल्या, किती प्याला पाणी,
कोठी ठेवून आला माह्या बाईची गाणी?

पुढे सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही, मित्रांनो. मामाने कपिलला उमरखेडला नेलं, शिकवीन म्हणून. तो शाळेपेक्षा दुकानात जास्त असतो, असं लोक बोलतात. वैष्णवी आजीजवळ टिनाच्या खोलीत राहते. पुन्हा येऊ म्हणणारी माणसं फारशी आली नाहीत. त्यांनाही आपापली चूल असेल. प्रभावती मात्र रोज संध्याकाळी येते. वेणी घालते, पाटीवर काय लिहिलं ते पाहते, आजीला भाकर थापून देते. तेवढ्यासाठी मी लागत नाही. लहानशी कढई पुरते.

यंदाच्या उन्हाळ्यात मला पुन्हा बाहेर काढलं. तेरवी नानाजींची होती. कड्या वाजल्या, पोरं धावत आली. त्यांत नानाजींचा पणतू होता, जेमतेम चार वर्षांचा. बोबड्या बोलात त्याने विचारलं, "लगन का तेलवी?"

गडी घुटमळला. ओसरीवरून कुणीतरी खुणावलं, "लगन मन, लगन मन."

वैष्णवी पोरांतून पुढे आली. खाली वाकली आणि त्याचं नाक आपल्या फ्रॉकला पुसलं.

"तेरवी आहे," ती म्हणाली. "तुह्या नानाजीची. ते आता येणार नाही. चाल, तू माह्याजवळ बस."

आणि त्याचा हात धरून, माझ्यामागे मागे, त्याला मांडवात घेऊन गेली.

माझी कल्हई आता जागोजागी उडाली आहे. कल्हईवाला गावात फिरकत नाही, आणि कल्हई नसलेल्या भांड्यात अन्न कळकतं. जमलं तर तेवढी करून द्या. एकदा करून भागत नाही, पुन्हा पुन्हा करावी लागते. प्रभावतीला हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी ती रोज येते. आणि एखादं लेकरू कधी तुमच्याकडे मान वर करून तसंच काही विचारेल, तेव्हा त्याला खरं सांगा. सांगून उठून जाऊ नका. त्याच्या शेजारी पान मांडा, आणि ते जेवेपर्यंत बसा.