दाजींची साक्ष

धोंडीराम कारकुनाची मोटार मागे जात नव्हती. पुढे झकास जायची, पण रिव्हर्स गिअर काही केल्या पडत नसे. एकोणनव्वद साली नाशिकच्या एका दलालाकडून ही जुनी गाडी घेताना बायको सुमन म्हणाली होती, बरोबर मेकॅनिक न्या. "मला काय कळत नाही?" म्हणत हा एकटाच गेला. दलालाने तीनदा साहेब म्हटलं आणि साहेब मैदानात पुढच्या पुढे एक चक्कर मारून, पेढे घेऊन घरी आले.

दोष दुसऱ्याच दिवशी कळला. दलाल म्हणाला, "जुनी गाडी आहे साहेब, चालायचंच." ग्राहक मंचात तक्रार करा, असं सुमनने सुचवलं. पण तिथे गेलं की बोभाटा होणार, ऑफिसात लोक हसणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. धोंडीराम बंद गल्ली दिसली की अलीकडेच उतरून पायी जायचा आणि विचारील त्याला सांगायचा, गाडी एक नंबर. कुठे बोलायचं नाही, असा सुमनलाही त्याने दम भरला होता.

त्या एक नंबरवर तिचा धाकटा भाऊ भुलला. भिकन दिंडोरीचा, द्राक्षबागवाला. मुद्दाम विचारायला घरी आला.

"दाजी, त्याच दलालाकडं गाडी बघितली हाय. घिऊ का?"

सुमन चहा ठेवून आत निघून गेली.

"बिनधास्त घे," धोंडीराम म्हणाला.

आठवड्यात भिकनच्या गाडीचं इंजिन बसलं. इंजिनाला आधीच गेलेला तडा पुट्टी भरून बुजवून वर रंग फासला होता. भिकनने लाजबीज न धरता सरळ मंचात अर्ज टाकला. दलालाने उत्तर दिलं, माझा माल चोख आहे, तक्रारदाराच्या दाजींनाच विचारा. साक्षीच्या आदल्या दिवशी दलाल धोंडीरामकडे येऊन म्हणाला, "साहेब, गावभर सांगता तेवढंच तिथं सांगा." खोटं बोललं तर मेहुण्याचा दावा बुडणार, खरं बोललं तर स्वतःची अब्रू.

मंचाच्या अध्यक्षांनी विचारलं, "तुमच्या गाडीत काही दोष आहे?"

मागच्या बाकावर भिकन आणि सुमन बसले होते.

"रिव्हर्स पडत नाही."

"केव्हापासून?"

"घेतली तेव्हापासून."

"मग तक्रार का नाही केली?"

"लाज वाटली साहेब. फसलो हे सांगायची."

कुणीतरी खुदकन हसलं. वर्षभर ज्या हसण्याला तो भ्यायला होता, ते एवढंसंच निघालं. दलालाच्या वकिलाने मात्र फाईल मिटली होती. सुटलो, असं धोंडीरामला वाटलं.

बाहेर व्हरांड्यात भिकन जवळ आला. "दाजी, मी इचारायला आलतो, तवा बी पडत नव्हता?"

"नव्हता."

भिकन बहिणीकडे वळला. "ताई, तुला ठावं व्हतं?"

"तिला काही माहीत नव्हतं," धोंडीराम घाईने म्हणाला.

"होतं," सुमन म्हणाली.

दर वेळी निघताना भिकन 'येतो ताई' म्हणायचा. आज तसाच एसटी स्टँडकडे चालू लागला. सुमन तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. आपली अब्रू झाकायला आपण हिला सख्ख्या भावाशी खोटं वागायला लावलं, हे धोंडीरामला तेव्हा कळलं, आणि तिला घरी चल म्हणायलाही त्याची जीभ रेटेना.