मागच्या सीटवरची झोप

मी गाडी बोलतेय. नारीनमधल्या चर्चच्या मिन पाळकांच्या अंगणात कोळशाच्या खोलीला टेकून उभी आहे ना, तीच पिवळी गाडी. इंजिन बसलंय, दोन टायरही बसलेत, त्यामुळे उठून स्वागत करता येत नाही. तुम्ही बसा तिथेच पायरीवर. कोंबडीला हाकलू नका, ती रोज तिथेच असते.

माझा जन्म कोरियातला. एका बालवाडीची गाडी होते मी. सकाळी मुलांना घरोघरून गोळा करायचं आणि दुपारी परत सोडायचं, एवढंच काम. मुलं सीटवर दूध सांडायची, पण संध्याकाळी मला धुऊनपुसून छपराखाली लावत. ते माझं माहेर. पुढे बालवाडीने नवी गाडी घेतली आणि मला आधी जहाजात, मग रेल्वेत चढवून इकडे किरगिझस्तानात धाडलं. माझ्या दोन्ही अंगांवर अजून कोरियन अक्षरं आहेत, 'सूर्यफूल बालवाडी'.

बिश्केकच्या गाडीबाजारात मिन पाळक माझ्यासमोर थांबले ते ही अक्षरं पाहूनच. शेजारी त्यांच्या पत्नी सुन्हीबाई होत्या, कडेवर छोटी दाऊन. सुन्हीबाईंनी नाव मोठ्याने वाचलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्यामागे देवाच्या कामाला परमुलखात आलेली बाई, बालवाडीची पाटी वाचून रडली. मला तेव्हा तिची दया आली होती. माझी दया कोणाला येणार, हा विचार तेव्हा सुचला नाही.

नारीनमध्ये कोरियन कोणाला वाचता येतंय? पाळकांची गाडी म्हणजे वरचा मजकूर शास्त्रातलाच असणार, असं चर्चच्या मंडळीने ठरवून टाकलं. अनारकान मावशी तर आत चढताना त्या अक्षरांना हात लावून तो तोंडावरून फिरवायच्या. पाळकांनी एकदा खरं सांगायला तोंड उघडलं, तर सुन्हीबाई म्हणाल्या, "राहू द्या हो. लेकरांची गाडी आहे म्हटल्यावर देव काय रागावणार आहे?"

माझा दिवस उजाडायच्या आधीच सुरू व्हायचा. कोरियन माणसाला पहाटेच्या प्रार्थनेशिवाय चैन पडत नाही आणि नारीनच्या थंडीत माझं डिझेल गोठून बसायचं. पाळक माझ्या बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटायचे. मग घरातून आवाज यायचा, "अहो, प्रार्थना नंतर करा. आधी किटली न्या!" मग इंजिनखाली निखाऱ्यांची पाटी सरकवायची, वरून गरम पाणी ओतायचं, आणि मी खोकत खोकत जागी व्हायचे. एकदा जागी झाले की रात्रीपर्यंत सुट्टी नाही.

काय काय वाहिलं मी! प्रार्थनेला येणाऱ्या म्हाताऱ्या, लग्नाची वऱ्हाडं, पिठाची पोती, जिवंत मेंढ्या, अडलेल्या बाया. मंडळीतल्या एका आजींना तर वारल्यावर त्यांच्याच गावच्या दफनभूमीत जागा मिळेना, धर्म बदलला म्हणून. आजींना घेऊन पाळक आणि मी दिवसभर गावोगाव फिरलो. शेवटी एका मेंढपाळाने आपल्या कुरणाचा कोपरा दिला. अंगणात पोचल्यावर पाळक स्टिअरिंगवर डोकं टेकून बसून राहिले, तोच कोणीतरी काच वाजवली. कोणाच्या तरी बाळाला ताप आला होता. आम्ही पुन्हा निघालो.

हा माणूस वाईट नाही. फक्त त्याला 'नाही' म्हणता येत नाही.

आणि त्याची किंमत घरच्यांनी मोजली. नाताळ इथे कामाचा दिवस, त्यामुळे मंडळी संध्याकाळी यायची आणि मध्यरात्रीपर्यंत हलायची नाही. कोरियन नववर्षाला सुन्हीबाई तांदळाच्या वड्यांचं सूप चौघांपुरतं करायला घ्यायच्या आणि पातेलं बदलत बदलत शेवटी पुलावाच्या कढईपर्यंत जायच्या. "आपल्या घरी सण येत नाहीत," त्या माझी काच पुसताना म्हणायच्या, "पाहुणे येतात." दाऊनच्या धाकट्या भावाचा, इहानचा, एक वाढदिवस माझ्यातच झाला. दवाखान्याच्या फाटकाबाहेर, पेशंट आत आणि केक माझ्या बॉनेटवर.

मायदेशी सुट्टीला गेले तरी तेच. तिकडे पाळक गावोगावच्या मंडळ्यांत भाषण करणार आणि मुलं पांढऱ्या किरगिझ टोप्या घालून स्टेजवर किरगिझ गाणं म्हणणार. दाऊन परत आली की माझ्या मागच्या सीटवर पाय पसरून म्हणायची, "दमले गं बाई सुट्टीत."

दर उन्हाळ्यात पाळक इसिककुल सरोवरावर जायचं कबूल करायचे. जायचोही आम्ही, पण मंडळीतली तरुण पोरं कोंबून, गिटारी आणि तंबू छपरावर बांधून. दाऊन सगळ्यांपुढे फोटो धरायची आणि म्हणायची, "ही आमची कौटुंबिक सहल. यात मी कुठे आहे ते शोधून दाखवा." सगळे हसायचे. पाळकही हसायचे. ती मात्र हसत नसे, हे मला आरशात दिसायचं.

गेल्या उन्हाळ्यात तिची शाळा संपली. कोरियातल्या कॉलेजात नाव लागलं. त्या देशात ती आजवर फक्त पाहुणी म्हणून राहिलेली, आता कायमची चालली होती. जेवणाच्या टेबलावर तिने काय मागितलं ते उघड्या खिडकीतून मला ऐकू आलं.

"बाबा, मला जाण्याआधी सरोवरावर जायचंय. आपण चौघं फक्त."

"जाऊ या की."

"चौघं म्हणजे चार माणसं, बाबा."

"अगं हो, मला मोजता येतं."

"तुम्हाला येत नाही," सुन्हीबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं बघतेय मी."

दुसऱ्या दिवशी पाळक बाहेर गेलेले असताना दाऊन पान्हा घेऊन माझ्यात शिरली. इहानला नट धरायला लावून तिने माझ्या मधल्या सगळ्या सीटा उखडल्या. पुढच्या दोन आणि अगदी मागची लांब सीट, एवढंच ठेवलं. गंजलेला एक बोल्ट हलेना, तेव्हा सुन्हीबाईंनी येऊन पान्ह्यावर पाय दिला. सीटा कोळशाच्या खोलीत गेल्या आणि दाराला कुलूप लागलं. पोटात एकदम मोकळं वाटलं मला. इतकं हलकं मी कितीतरी वर्षांत अनुभवलं नव्हतं.

निघायच्या सकाळी फाटकात अनारकान मावशी गाठोडं घेऊन हजर. त्यांनी आत डोकावून पाहिलं.

"अगंबाई, सीटा कुठे गेल्या?"

"दुरुस्तीला," दाऊन म्हणाली.

"असू दे, असू दे. मी सतरंजी आणलीये. खाली बसते, मला काय त्याचं! कोचकोरपर्यंत तर जायचंय, बहिणीकडे."

पाळकांनी लेकीकडे पाहिलं. मग मावशींच्या गाठोड्याकडे पाहिलं आणि ते हळूच म्हणाले, "वाटेवरच आहे, बाळा." दोलोनच्या घाटापासून कोचकोरपर्यंत दाऊन खिडकीला नाक लावून बसली होती. मावशी सतरंजीवरून तिला सुक्या दह्याचे खारट गोळे देत होत्या आणि ती घेत नव्हती. कोचकोरला उतरताना मावशींनी ते तिच्या ओंजळीत कोंबले. म्हणाल्या, "माझ्यावर रुसू नकोस गं. तू गेल्यावर तुझ्या आईजवळ येऊन मीच बसणार आहे."

दुपारी आम्ही सरोवराच्या दक्षिण काठावर, तोसोर गावाजवळ पोचलो. आजूबाजूला काटेरी झुडपं, समोर पाणी, माणूस कोणी नाही. दाऊनने चपला भिरकावल्या. "बाबा, चला पाण्यात!"

"आलोच. पाच मिनिटं पाठ टेकतो."

ते मागच्या सीटवर आडवे झाले आणि तिथल्या तिथे गाढ झोपले. दाऊन दारात येऊन उभी राहिली. ती आता त्यांना हलवणार, असं मला वाटलं. तिने पाहिलं की त्यांच्या पायांत बूट तसेच आहेत आणि हातात किल्ली घट्ट धरलेली आहे. तिने हळूच किल्ली सोडवली, बूट काढले, दार लोटलं आणि माझ्या सावलीत कलिंगड कापत बसली. "मला हाच बाबा मिळायचा होता," ती आईला म्हणाली. "घोरणारा." रडू येत होतं तिला, तरी बियांवरून इहानशी भांडत होती.

आता पिवळ्या गाडीचा एक तोटा ऐका. ती लांबून ओळखू येते. ऊन कलायच्या सुमाराला घोड्यावरून एक म्हातारा आला. तोसोर गावचे शारशेन आजोबा. एका हिवाळ्यात त्यांची बायको नारीनला लेकीकडे असताना आजारी पडली होती आणि पाळकांनी तिला बर्फातून माझ्यात घालून बिश्केकच्या इस्पितळात पोचवलं होतं. म्हातारी अजून ठणठणीत आहे.

"ए पोरी! पाळकसाहेब कुठे आहेत? गाडी दिसली आणि मी मेंढा कापूनच निघालो. सगळं गाव बोलावलंय. उठव त्यांना."

तुम्हाला ठाऊकच असेल, इकडे कोणी आपल्या नावाने मेंढा कापला आणि आपण गेलो नाही, तर त्या घराचं नाक कापल्यासारखं होतं. दाऊन याच मातीत वाढलेली, तिला हे सांगायला नको होतं. टापांच्या आवाजाने पाळक आत जागे झाले होते. त्यांचा हात माझ्या दाराच्या मुठीवर आला. तो हात मला पाठ आहे. आता दार उघडणार, हे मी धरूनच चालले.

तेवढ्यात दाऊन दाराला पाठ लावून उभी राहिली.

"नाही उठवणार, आजोबा."

"अगं, मेंढा कापलाय!"

"कळतंय मला. पण त्यांना रोज कोणी ना कोणी उठवतंच. मी आता लांब चाललेय. एकदा तरी त्यांना कोणी उठवलं नाही असं मला बघायचंय. रागवा माझ्यावर, पण नाही उठवणार."

सुन्हीबाईंच्या हातातली कलिंगडाची फोड तशीच राहिली. मुठीवरचा हात हळूहळू मागे गेला. आणि आतून घोरण्याचा आवाज सुरू झाला.

माझ्या सीटवर हा माणूस वर्षानुवर्षं डुलक्या काढतोय. त्याचं घोरणं अडखळतं, मधेच थांबतं, शेवटी बारीक शिट्टी वाजते. हे घोरणं तसं नव्हतं. हे एकसारखं, मोठ्याने आणि फार मनापासून चाललं होतं. जन्मात खोटं न बोललेला माणूस नाटक करायला बसला होता.

शारशेन आजोबा घोड्यावरून उतरले. माझ्या काचेला कान लावला. दाढी कुरवाळली.

"झोपलेत खरं," ते म्हणाले. "गाढ झोपलेत. आणि मेंढा काय, तो आता कुठे पळून जात नाही. संध्याकाळी या तुम्ही चौघं. गावाला मी उद्याचं सांगतो." घोड्यावर चढता चढता ते दाऊनकडे वळले. "आणि बापाला सांग पोरी, झोपलेला माणूस मधेमधे श्वासही घेतो."

घोडा झुडपांआड गेला तसं दार सरकलं. पाळकांचे कान लालभडक झाले होते.

"बाबा, खोटं बोललात!"

"बोललो कुठे? मी फक्त घोरलो."

सुन्हीबाई हसत हसत वाळूतच बसल्या. इहान पोट धरून लोळायला लागला. दाऊन हसत होती आणि रडतही होती, आणि बापाच्या छातीवर बुक्क्या मारत होती. मग चौघं कपड्यांनिशी त्या बर्फासारख्या पाण्यात शिरले. फोटो काढायला माणूस नव्हता, म्हणून त्यांनी फोन माझ्या बॉनेटवर टेकवून ठेवला. त्या फोटोत फक्त चौघं आहेत. तो मी काढला असं मी मानते.

संध्याकाळी ते मेंढा खायला गेले. म्हाताऱ्याने शब्द पाळला, पण शिजत्या मेंढ्याच्या वासाने पाळला नाही, अर्धा गाव जमलाच. दाऊनला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. तिला तिची दुपार मिळाली होती.

उन्हाळा सरता सरता मी तिला विमानतळावर सोडलं. निरोपाला मंडळी येणारच होती, पण सीटाच नव्हत्या. परतताना दोलोनच्या चढावर माझ्यातून धूर निघाला आणि मी थांबले. मेकॅनिकने बॉनेट उघडून बंद केलं, एवढंच. पाळकांनी मला दुसऱ्या गाडीला बांधून घरी आणलं. आता ते एका छोट्या गाडीतून हिंडतात. मधल्या सीटा अजून कोळशाच्या खोलीतच आहेत.

कधीमधी कोणीतरी म्हणतं, हिचं इंजिन बदलू, अजून बरीच वर्षं चालेल. कृपा करा, तसं काही करू नका. मी फार दमलेय. मला आता कुठेही जायचं नाही.

मला एक काम उरलंय, तेवढं पुरे. जेवण झालं की पाळक हल्ली अंगणात येतात, कोंबडीला ओलांडतात आणि मागच्या सीटवर आडवे होतात. लांबून फोन येतो, "आई, बाबा कुठे आहेत?" सुन्हीबाई म्हणतात, "गाडीत." मग तिकडून दाऊन म्हणते, "झोपू दे त्यांना. मी नंतर करते."

तुम्हीही त्यांनाच शोधत आला असाल, मला माहीत आहे. काम महत्त्वाचं असेल, तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. तरी थोडं बसा. काच वाजवू नका. हवं तर कान लावून ऐका. मधेमधे श्वास ऐकू आला तर ते खरंच झोपलेत. नाही ऐकू आला, तरी झोपलेत असंच समजा.