मधल्या खोलीचा नकाशा

धाकट्याने आपणहून ताईकडे काही मागायला यावं, असं गेल्या दहा वर्षांत घडलं नव्हतं. म्हणून एका सकाळी तो कागदांची गुंडाळी काखेत मारून तिच्या खोलीच्या दारात उभा राहिला, तेव्हा हातातलं वर्तमानपत्र टाकून ती पटकन उठलीच.

"ताई, घरभर नव्याने वायरिंग करतोय. टीव्ही, गाणी, इंटरनेट, सगळं. कुठल्याही खोलीत खोकी नकोत, लोंबणाऱ्या वायरी नकोत. सगळी यंत्रं एका खोलीत कपाटात, आणि बाकी घरात नुसते भिंतीवर टीव्हीचे पडदे आणि छतात स्पीकर. नकाशा काढशील?"

"मी?"

"मग कोण? नळ काय नि वायर काय, तुला सारखंच."

ताईने पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात एकतीस वर्षं नकाशे काढले होते. अख्ख्या शहराच्या पोटातले नळ तिच्या हाताखालून गेलेले. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि या चार वर्षांत तिला कुणी साधी रेघ मारायला सांगितलं नव्हतं. आई-वडील एकापाठोपाठ गेले तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, धाकटा अकरा. त्याला वाढवण्यात तिच्या लग्नाचं राहूनच गेलं. पुढे त्याचं लग्न ठरलं तेव्हा तिने कुणी न मागता घर त्याच्या नावावर करून दिलं आणि रस्त्याकडची मोठी खोली सोडून ती मधल्या खोलीत आली. मधल्या खोलीला खिडकी नव्हती, वर एक झरोका तेवढा होता. पण खोली थंड होती, आणि घराच्या बरोबर मध्यावर असल्यामुळे कोण आलं, कोण गेलं, हे सगळं तिला पडल्यापडल्या कळायचं.

त्या दिवशी तिने माळ्यावरची पेटी काढली. शाईची पेनं गरम पाण्यात बुडवून मोकळी केली, ट्रेसिंग पेपर पसरला आणि टेप घेऊन घर मोजायला लागली. धाकट्याच्या बायकोने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. "ताई, तुम्ही तर विशीतल्या झालात," ती म्हणाली. ताईला ते कौतुकच वाटलं.

वायरमन आला तो दुसऱ्या आठवड्यात. उंच, काटकुळा, पन्नाशीचा माणूस. सगळे त्याला सुतळी म्हणत आणि तोही फोनवर "हां, सुतळी बोलतोय" असंच म्हणे. रोज आठच्या ठोक्याला यायचा, चपला बाहेर काढायचा, आणि काम सुरू करण्याआधी जिन्याखाली टाचलेल्या नकाशासमोर दोन मिनिटं हात मागे बांधून उभा राहायचा.

"ताई, बावीस वर्षं भिंती फोडतोय," तो एकदा म्हणाला. "लोक सिगरेटच्या पाकिटावर रेघोट्या मारून देतात. असा नकाशा हातात पडला की भिंत फोडायलाही लाज वाटते."

ताई दिवसभर त्या वाक्यावर तरंगत होती.

सुतळीने तिला बरंच शिकवलं. प्रत्येक खोलीतून दोन इंटरनेटच्या तारा, एक टीव्हीची, दोन स्पीकरच्या. सगळ्या सरळ यंत्रांच्या खोलीपर्यंत, मध्ये कुठेही जोड नाही. दोन्ही टोकांना एकच नंबर. एक पाइप रिकामा ठेवायचा, पुढे काही नवीन आलं तर त्यातून ओढता यावं म्हणून. आणि आवाजाच्या तारा विजेच्या मोठ्या लाइनीपासून हातभर, म्हणजे अठरा इंच, लांब. "जवळ आल्या की गुणगुण करतात," तो म्हणाला. "एकदा ती गुणगुण घरात शिरली की माणसाला वेड लागतं."

प्रश्न होता यंत्रांच्या खोलीचा. ताईने स्वयंपाकघरालगतची कोठी धरली होती. सुतळीने कोठीत जाऊन भिंतीला तळहात लावला. पलीकडे शेगडी होती. भिंत कोमट लागत होती.

"ताई, खरं सांगू का? खोली थंड पाहिजे, ऊन नको, आणि घराच्या मध्यावर पाहिजे. म्हणजे तुमच्या घरात ती मधली खोली."

"तिथे मी राहते," ताई म्हणाली.

सुतळीने मान खाली घातली. "मग कोठीच," तो म्हणाला. "पंखा लावू एक, गरम हवा बाहेर काढायला."

धाकट्याने नकाशा पाहिला तेव्हा तो बराच वेळ त्यावर बोट फिरवत राहिला. "कोठी?" त्याने विचारलं. "दुसरी जागा नाही का सुचत तुला?"

"कोठीच बरी."

"बघ हं. नीट विचार कर. घाई नाही." आणि हसून निघून गेला. दोन दिवसांनी जेवताना त्याने पुन्हा तेच विचारलं, ताईने पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा त्याच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि पानात काहीतरी शोधत असल्यासारखी मान खाली घातली.

कोठीतून सगळे पाइप बाहेर काढायला एकच भिंत होती आणि त्याच भिंतीतून घराची विजेची मुख्य लाइन गेलेली. हातभर अंतर ठेवायचं तर स्वयंपाकघरातल्या नव्याकोऱ्या फरशा फोडायला लागणार होत्या. धाकट्याच्या बायकोने त्या एकेक निवडून बसवून घेतल्या होत्या. त्या फोडा म्हणायची ताईची छाती नव्हती. फरशा फोडायची वेळ आली तर कोठीचा विषयच निकालात निघेल आणि मग पुढे काय, हेही तिला कळत होतं. तिने अंतर चार इंच धरलं.

"चार इंच?" सुतळीने चष्मा वर केला. "गुणगुण येईल, ताई."

"नाही येणार. मी एकतीस वर्षं अंतरं ठरवलीत. नकाशाप्रमाणे करा."

त्याने केलं. कारण नकाशा तिचा होता.

महिन्याभराने काम संपलं. रविवारी सकाळी धाकट्याने कचेरीतले वरिष्ठ आणि त्यांच्या बायका बोलावल्या होत्या, घर दाखवायला. शनिवारी सकाळी धाकटा नि त्याची बायको बाहेर गेल्यावर सुतळीने पहिल्यांदा सगळं चालू केलं. छतातून गाणं आलं, आणि गाण्याच्या खाली एक बारीक, चिवट भुणभुण. प्रत्येक खोलीत. मोरीतसुद्धा. अर्ध्या तासाने कोठीतली यंत्रं तापून आपोआप बंद पडली.

ताईने एका यंत्राला हात लावला आणि पटकन मागे घेतला.

"होतं असं," सुतळी तिला समजावत म्हणाला. "उद्या साहेबांना आपण दोघं मिळून सांगू. एक भिंत पुन्हा फोडावी लागेल, तीन दिवसांचं काम. मी नाही म्हणत नाही."

"हो," ताई म्हणाली. "नकाशा तेवढा देऊन जा मला. डाग पडलेत, साफ करते."

दुपारी घरात कुणी नव्हतं. तिने खोलीचं दार लावलं, दिवा ओढून घेतला आणि नव्या ब्लेडने चारचा आकडा खरवडायला घेतला. हे काम तिच्याइतकं सफाईने सबंध कार्यालयात कुणाला जमत नसे. साहेब लोकांच्या चुका तिने अशाच, कागदाला भोक न पाडता, कितीतरी वेळा पुसल्या होत्या. खरवडलेल्या जागी नखाने कागद घासून गुळगुळीत केला, फुंकर मारली आणि तिथे अठरा लिहिलं. मग रेघ सरकवली. संध्याकाळी नकाशा पुन्हा जिन्याखाली टाचला तेव्हा तिला वाटलं, एवढ्याने भागेल. सुतळी तीन दिवस जास्त राबेल, दोन शब्द ऐकून घेईल, आणि कोठी कोठीच राहील.

रविवारी अकरा वाजता पाहुणे जमले. गाणं लागलं. भुणभुण लागली. एका वरिष्ठांच्या बायकोने कानात बोट घालून हलवलं. "काय हो, माशा पाळल्यात का?" वरिष्ठांनी विचारलं आणि सगळे हसले. तेवढ्यात पडदा काळा झाला, आवाज बंद पडला, आणि हसणं तेवढं ऐकू येत राहिलं.

धाकटा लालबुंद झाला. "सुतळी!"

सुतळी कोठीतून बाहेर आला. "साहेब, ते अंतर—"

"कशाचं अंतर?"

सुतळीने ताईकडे पाहिलं. तिने बोलावं म्हणून तो थांबला. ताई सोफ्याच्या पाठीला धरून उभी होती.

"नकाशात अठरा इंच दाखवलंय," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

धाकट्याने नकाशा ओरबाडून आणला आणि सुतळीच्या छातीवर आपटला. "वाचता येतं ना? वाच. मोठ्याने वाच. सगळ्यांना ऐकू दे."

सुतळीने चष्मा लावला. आकडा पाहिला. मग त्याने अंगठा त्या जागेवरून हळूच फिरवला, एकदा, दोनदा. खरवडलेला कागद कितीही घासला तरी बोटाला कळतो. त्याने मान वर करून ताईकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिला सोपं गेलं असतं.

"अठरा इंच," तो म्हणाला.

"आणि तू किती ठेवलंस?"

"चार."

"का?"

सुतळीने चष्मा काढून खिशात ठेवला. वरिष्ठांपैकी एकजण म्हणाला, "अहो, या लोकांना इंच आणि वीत सारखंच." पुन्हा हशा पिकला. धाकट्याने सुतळीला तिथेच, पाहुण्यांच्या देखत, हत्यारांची पिशवी उलटी करून दाखवायला लावली, काही नेत नाहीस ना म्हणून. पक्कड, टेप, नंबरांच्या चिठ्ठ्या, डब्यातली अर्धी बिस्किटं, सगळं फरशीवर सांडलं. सुतळी गुडघ्यांवर बसून एकेक वस्तू उचलत राहिला. ताईच्या पायाशी एक चिठ्ठ्यांचं भेंडोळं आलं होतं. तिला वाकून ते उचलून देता आलं असतं. तिने पाय मागे घेतला.

त्याच संध्याकाळी धाकट्याने ओळखीच्या सगळ्या ठेकेदारांना फोन केले. सुतळीला कुणी काम देऊ नये म्हणून. आवाज मोकळा सोडून बोलत होता. मधल्या खोलीत शब्द न् शब्द ऐकू येत होता.

बुधवारी एका कंपनीचा इंजिनीअर आला. गुळगुळीत दाढीचा तरुण. घरातून एक चक्कर मारली, मधल्या खोलीचं दार उघडलं, आत ताई बसली होती, तिला "सॉरी मॅडम" म्हणाला आणि दार लोटून बाहेर धाकट्याला म्हणाला, "ही. आमच्या पहिल्या प्लॅनमध्ये हीच होती ना?"

"हो," धाकटा म्हणाला.

ताई दारापाशी आली. "पहिला प्लॅन?"

धाकट्याने खिशात हात घातले. "ताई, यांनी तीन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं मधली खोली म्हणून. मी म्हटलं, आपण कसं बोलायचं? तू नकाशा काढलास की तुलाच कळेल. तू स्वतःहून म्हणशील. दोनदा विचारलं तुला. एवढं कळतं तुला नळांचं, आणि हे नाही कळलं?"

"कळलं होतं," ताई म्हणाली.

"मग बघ," धाकटा म्हणाला, जणू तिनेच त्याला फसवलं होतं.

त्याच्या बायकोने तोवर सोय करून ठेवली होती. निवृत्त बायकांचं एक वसतिगृह, बसने पाऊण तासावर. दोघींत एक खोली. "तिथे तुमच्या वयाच्या असतात, गप्पा होतील," ती म्हणाली. "इथे काय, सगळी यंत्रंच." मग ताईला सुधारित नकाशा काढायला बसवलं, कारण इंजिनीअरलाही तिचा नकाशा फार आवडला होता. मधल्या खोलीत पलंग दाखवलेला होता तो तिने खरवडून काढला आणि तिथे सुरेख अक्षरात "यंत्रखोली" लिहिलं. वाईट अक्षर तिला काढताच येत नसे.

निघायच्या आदल्या दिवशी, यंत्रं मधल्या खोलीत बसली आणि तिचं अंथरूण बाहेर आलं होतं तेव्हा, तिने धाकट्याला गाठून सगळं सांगितलं. ब्लेड, आकडा, शनिवारची दुपार.

तो फोनमध्ये पाहत ऐकत होता. "म्हणजे त्याची चूक नव्हती?"

"नव्हती."

"असू दे आता. परत फोन करून सांगत बसलो तर मीच मूर्ख ठरेन." त्याने फोनवर बोट फिरवलं. छतातून गाणं सुरू झालं. स्वच्छ, कुठेही भुणभुण नाही. "ऐक. काय आवाज आहे बघ."

वसतिगृहात जाऊन पंधरा दिवस झाल्यावर ताईने सुतळीचा पत्ता मिळवला. तिसरा मजला, जिना चढताना दोनदा थांबली. दार त्यानेच उघडलं. घरातच होता, सकाळचे अकरा वाजले होते, कामाच्या माणसाने घरात असायची ती वेळ नव्हे. आत बायको शिवणयंत्रावर वाकलेली होती, तिने वर पाहिलं आणि पुन्हा मशीन चालू केलं.

"या" तो म्हणाला नाही. ताई उंबऱ्याबाहेरूनच बोलली. चुकले म्हणाली. धाकट्याला सांगितलं म्हणाली, त्याने ऐकलं नाही तेही म्हणाली. ठेकेदारांकडे मी स्वतः जाऊन सांगते, म्हणाली.

"नको," सुतळी म्हणाला. "तुमचं कोण ऐकणार?"

ते खरंच होतं.

"खोलीसाठीच केलंत ना?" त्याने विचारलं. "मला तेव्हाच कळलं. म्हणून नाही बोललो. म्हटलं, म्हातारपणी बाईने जायचं कुठे." त्याने आत बायकोकडे पाहिलं. "राहिली का खोली?"

"नाही. यंत्रं ठेवलीत तिथे. मी आता वसतिगृहात असते."

आतलं मशीन थांबलं.

"खोटं कशाला बोलू, ताई," तो म्हणाला. "ऐकून बरं वाटलं."

त्याने दार आपटलं नाही. हळूच लोटलं आणि आतून कडी सरकवली. ताई कठडा धरून तिथेच उभी राहिली. वरून बादली घेऊन एक बाई उतरत होती, तिला जागा द्यायला ताई भिंतीला चिकटली. "कोण पाहिजे?" त्या बाईने विचारलं.

"भेटले," ताई म्हणाली, आणि पायऱ्या उतरायला लागली.