मधुवंती सबनीस, वॉटर मायक्रोबायोलॉजिस्ट

"हार्डवर्किंग अँड सिन्सिअर लेडी, सीकिंग सूटेबल अपॉर्च्युनिटी," असं नलिनीनं जॉबसाइटवरच्या प्रोफाइलमध्ये नावाखालच्या ओळीत लिहिलं, आणि शेजारी बसलेल्या नुपूरनं कपाळावर हात मारला.

"ममा, धिस इज अ मॅट्रिमोनियल ॲड."

नलिनी रेगे, मुक्काम केलीव्हिल, ऑस्ट्रेलिया. नवरा यतिन आयटीत, लेक नुपूर युनिव्हर्सिटीत, आणि ही लग्नापासून घरात. त्याआधी पुण्यात एमेस्सी मायक्रोबायोलॉजी, मग पिण्याचं पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरी, विहिरींतल्या जंतूंवर छापून आलेला एक पेपर. एवढं सगळं करून बाई स्वतःला 'सिन्सिअर लेडी' म्हणवून घेत होत्या. काय म्हणावं आता.

"हेडलाइनमध्ये तू कोण आहेस ते पहिल्या दोन शब्दांत आलं पाहिजे," नुपूर म्हणाली. "रिक्रूटर जे टाइप करणार ते शब्द. सिन्सिअर कोण सर्च करतं?" कार्टीला स्वतःला अजून कुठे नोकरी नव्हती, उंटावरून शेळ्या हाकत होती, पण बोलत होती ते खरं होतं. "आणि नाव डिग्रीवरचंच टाक, म्हणजे तुझा पेपरपण सापडेल. काय नाव आहे त्याच्यावर?"

"मधुवंती सबनीस."

"हू इज मधुवंती?"

आता बोला. जन्म दिलेल्या लेकीला आईचं जन्माचं नाव ठाऊक नाही. तिचा तरी काय दोष? लग्नात यतिननं तांदळाच्या ताटात अंगठीनं 'नलिनी' लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि मधुवंती संपली. तिचं पुढे काय झालं हे कुणी विचारलं नाही. नलिनीनंसुद्धा नाही.

तर नाव पडलं मधुवंती सबनीस. खाली ओळ: 'वॉटर मायक्रोबायोलॉजिस्ट, ड्रिंकिंग वॉटर टेस्टिंग, पब्लिश्ड रिसर्चर'. फोटो लॅबमधला, पांढऱ्या कोटातला. नुपूर म्हणाली, हा जुना आहे, दुसरा लाव. नलिनी म्हणाली, लावते. पण लावला नाही.

त्यानंतर घरात काहीतरी बदललं. सिंकपाशी भांडी विसळताना तिला वाटायचं, मागे दारात कुणीतरी उभं आहे. वळून बघावं तर कुणी नाही. कपड्यांच्या घड्या घालताना, बागेत कढीपत्त्याला पाणी घालताना तेच. भीती वाटायची आणि बरंही वाटायचं. 'आली असेल मधुवंती,' ती मनात म्हणायची आणि स्वतःच्याच बोलण्यानं अंगावर काटा यायचा. प्रोफाइल उघडून त्या कोटातल्या मुलीकडे बघत बसायची. कुठे होतीस गं इतकी वर्षं?

मग कालगुर्लीहून फोन आला. "हाय, इज धिस मधुवंती?"

नलिनीनं खरोखर मागे वळून बघितलं. मग म्हणाली, "येस. स्पीकिंग."

खाणींच्या गावातली पाणी तपासणारी लॅब होती. असल्या लांबच्या गावी माणसं टिकत नाहीत, त्यामुळे शिकवून घ्यायचीही त्यांची तयारी होती. व्हिडिओवर मुलाखत झाली आणि तीत नलिनी अशी काही बोलली की बाहेर उभी असलेली नुपूर हातातला फोन विसरून ऐकत राहिली. नोकरी जवळजवळ नक्की. फक्त एक अडचण होती. डिग्री मधुवंतीची, पासपोर्ट नलिनीचा. दोघी एकच आहेत असं दोन्ही नावांनी ओळखणाऱ्या इथल्या माणसानं लिहून द्यायला हवं होतं. शनिवारी लायब्ररीत जेपी, म्हणजे असल्या कागदांवर साक्ष घालणारा सरकारमान्य माणूस, बसतो, त्याच्यासमोर सही केली की झालं.

असा माणूस अख्ख्या ऑस्ट्रेलियात एकच होता.

"कालगुर्ली म्हणजे पार पर्थच्या बाजूला," यतिन म्हणाला.

"सुट्टीला येत जाईन. आणि सगळीकडेच आता मधुवंती करून घेणार आहे. लायसन्स, बँक, सगळं."

यतिननं सहीसाठी पुढे केलेला कागद वाचला आणि बाजूला ठेवला. "नाव नको बदलूस. कालगुर्लीला जा, मी अडवत नाही. पण नलिनी राहू दे."

"का? तुला काय त्या नावाचं एवढं? तू तर कधी हाकसुद्धा मारत नाहीस. जन्मभर आपलं 'अगं' नि 'ऐकलंस का'."

त्यानं बाजूला ठेवलेला कागद पालथा घातला. मग म्हणाला, "ताईचं नाव नलिनी होतं."

यतिनची थोरली बहीण या दोघांच्या लग्नाआधीच तापानं गेली होती, एवढं तिला माहीत होतं. घरात तिचा विषय निघाला तर 'ताई' एवढंच म्हणत. फोटो नव्हता. नाव कधी कुणी काढलं नव्हतं.

"आईनं हट्ट धरला," यतिन म्हणाला. "घरात पुन्हा नलू पाहिजे म्हणाली. ताटात लिहिताना माझा हात थांबला होता. सगळे हसले, म्हणाले नवरदेव लाजला. मला ते नाव घेऊन तुला हाक मारता यायची नाही गं. बायकोला कशी मारणार?"

"म्हणजे मांडवात सगळ्यांना माहीत होतं," ती सावकाश म्हणाली. "मी सोडून."

तिला भयंकर राग आला. आणि रागाच्या खाली थंडगार भीती. इतकी वर्षं ती जिच्या नावानं जेवली, झोपली, बाळंत झाली, ती पोर कधीच मेलेली होती. दारात उभं राहणारं नक्की कोण होतं, हे आता तिला कळेना.

"मी सही करतो," यतिन शेवटी म्हणाला. "पण आईपासून लपवायचं नाही. तिला तूच सांग."

रविवारी दुपारी सांगलीला व्हिडिओ लावला. तिकडे नुकतीच सकाळ झाली होती. सासूबाईंचा चेहरा नेहमीसारखा अर्धाच दिसत होता.

"नलू, बरी आहेस ना गं?"

"आई, मला नोकरी लागतेय. माझ्या माहेरच्या नावानं. आता मी तेच लावणार आहे. मधुवंती."

म्हातारीनं चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाली, "आणि माझी नलू?"

यतिन पुढे सरकून स्क्रीनसमोर आला. म्हणाला, "आई, नलूताई गेली. तुझ्या मांडीवर गेली. मी तिथेच होतो."

"मला सांगतोस होय ते?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "मला माहीत नाही का? पण मी हाक मारली की ही ओ द्यायची ना रे. इतकी वर्षं दिली तिनं."

नलिनीला रडू आवरेना. बाई दुष्ट असती तर किती सोपं झालं असतं. यतिननं कागद पुढे ओढला आणि म्हणाला, "शनिवारी जाऊ लायब्ररीत."

स्क्रीनवर म्हातारीनं फोन तोंडाजवळ घेतला. आतल्या खोलीत झोपलेल्या कुणाला उठवावं तसं ती हळूच म्हणाली, "नलू." थोडं थांबली. पुन्हा म्हणाली, "नलू, ए नलू."

मधुवंतीनं ओठ दाताखाली धरले आणि ओ दिली नाही.