डावीकडचा माणूस

तुम्ही माझ्या भावाला कापलंत. आणि कापून झाल्यावर टाय नीट करून, हातात ग्लास घेऊन, दारात उभे राहून आमचं स्वागतही केलंत.

तुमचं नाव मला माहीत नाही. प्रदर्शनाच्या पोस्टरवर कॉलेजचं नाव ठळक होतं, माझ्या भाचीचं बारीक होतं, तुमचं कुठेच नव्हतं. कापणाऱ्याचं नाव छापायची पद्धत नसावी. म्हणून मी तुम्हा सगळ्यांनाच सांगते आहे. ज्याचं असेल त्यानं ओळखावं.

माझा भाऊ आमारो मेदेइरोस मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या आमच्या बंदरात दोर झेलतो. मासेमारीची बोट आत येते, डेकवरून कुणीतरी दोर फेकतं, आमारो तो झेलतो, लोखंडी खुंटाला एक वेढा देतो आणि मागे रेलून उभा राहतो, बोट धक्क्याला लागेपर्यंत. मग बोटीच्या पोटात उतरून मासळीच्या पेट्या वर पाठवतो. तरुणपणी तो स्वतः समुद्रावर जायचा. गुडघा गेला, मग किनाऱ्यावर राहिला. बोटींना नावं असतात, कप्तानांची नावं पेपरात येतात. दोर झेलणाऱ्याला हाक एकच, "धर रे."

लूझिया त्याची मुलगी. तुमच्या कॉलेजात फोटोग्राफी शिकते. वहिनी गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. मी फिशहाऊसमध्ये मासे कापते, तेव्हा कापणं म्हणजे काय हे मला शिकवू नका.

रोज एक फोटो काढा, एकच, असं तुमच्याच मास्तरांनी सांगितलं होतं. बाकीची पोरं सुट्टीच्या दिवशी आठवड्याभराचे काढून मोकळी व्हायची. लूझियानं मात्र ते मनावर घेतलं. पहाटे बापाबरोबर धक्क्यावर जायची, बर्फखान्याच्या दारापाशी उभी राहायची. जागा तीच, भिंग तेच. कुणाला सरक म्हणायचं नाही, स्वतः सरकायचं नाही, समोरचं आपोआप जुळून येईपर्यंत थांबायचं, हा तिचा स्वतःचा नियम. बटण एकदा दाबलं की पिशवी बंद. मग देवमासा वर आला तरी ती उघडायची नाही.

क्रेन चालवणारा बतिस्ता तिला रोज छळायचा. "लूझिया, आज तरी माझा काढ. दाढी केलीय."

"मधे येऊ नका, बतिस्ता काका."

"मधे नाही तर कुठे उभा राहू? देखणी माणसं मधेच उभी राहतात."

"म्हणून तर तुम्ही कडेला शोभाल."

आमारो हसायचा. तो हसला की खांदे हलतात, आवाज येत नाही.

एकदा संध्याकाळी सूप ढवळता ढवळता मी तिला म्हटलं, "रोज तोच धक्का, तेच धुकं. तुला कंटाळा नाही येत?"

"आत्या, फिशहाऊसमधला तो जुना दांड्याचा काटा आहे ना? त्यात मासळीची टोपली कुठे टांगतात?"

"आकड्याजवळ."

"आणि वजन?"

"लांब, दांड्याच्या टोकाला."

"एवढंसं वजन एवढी मोठी टोपली तोलतं, कारण ते टोकाला आहे. फोटोत तसंच असतं. मधे ठेवलेला माणूस हलका होतो. सगळे त्याच्याकडे बघतात आणि पुढे जातात. काठावर ठेवला की तो अख्खं चित्र तोलून धरतो."

"मग तुझ्या बापालाच ठेव काठावर," मी म्हटलं. "त्याला मधे उभं राहायची सवयच नाही."

मी थट्टा केली होती. पण तिचा हात पावाच्या तुकड्यासकट तसाच थांबला. आमारोनं वर बघितलंच नाही, तो सूप पीत राहिला.

तो फोटो तिला हिवाळ्यातल्या एका धुक्याच्या सकाळी मिळाला. उजवीकडे लांब 'सांता रीता' ही बोट, अर्धी धुक्यात विरघळलेली. डाव्या काठाला आमारो, आमच्याकडे पाठ, नारिंगी रबरी विजार, मागे रेललेला. त्याचं अर्धं अंग चौकटीच्या बाहेरच होतं. आणि त्याच्या मुठींतून निघालेला दोर सगळा फोटो ओलांडून थेट बोटीपर्यंत ताठ. तिनं तो कडेचा केसभरही भाग न गाळता छापला. भोवती फिल्मची काळी किनार तशीच ठेवली. बटण दाबताना एवढंच दिसलं आणि हे सगळं दिसलं, असा त्या किनारीचा अर्थ, असं ती म्हणाली.

आमारोनं तो टेबलावर ठेवून पाहिला. हात धुऊन आला आणि परत पाहिला.

"हा मी?"

"हो."

"माझी पाठ अशी दिसते?"

"अशीच दिसते, बाबा."

"आमच्या म्हाताऱ्यासारखी झालीय," तो म्हणाला. त्याला ते आवडलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या धक्क्याला माहीत झालं होतं.

तुमच्या वर्गातही मी येऊन गेले आहे. वादळामुळे फिशहाऊस बंद होतं, बसचा भरवसा नव्हता, म्हणून मीच लूझियाला गाडीनं सोडलं. मास्तर म्हणाले, आलाच आहात तर मागे बसा. भिंतीवर सगळ्यांचे फोटो टाचलेले. तुमच्याकडे एक रीत आहे: ज्याचा फोटो त्यानं तोंड उघडायचं नाही, बाकीच्यांनी बोलायचं. नाहीतर काढणारा समजावत बसतो आणि बघायचं राहून जातं. रीत मला पटली. आमच्या घरात चालू केली तर बरं होईल असंही वाटलं.

टोपीवाला एक मुलगा म्हणाला, "डावीकडचा तो नारिंगी डाग नजर ओढून घेतो."

एक मुलगी म्हणाली, "हो ना. डाग नसता तर बोट कशी तरंगत राहिली असती."

"तो डाग नाही," मी म्हटलं, "तो आमारो आहे."

सगळ्या माना मागे वळल्या. मास्तर गोड आवाजात म्हणाले, "बाई, पाहुण्यांनाही तोच नियम आहे."

लूझिया जमिनीकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते. मास्तरांनी काटकोनाचे दोन काळे पुठ्ठे घेतले, फोटोवर धरले आणि डावीकडचा पुठ्ठा हळूहळू आत सरकवला. माझ्या भावाचं कोपर गेलं. मग पाठ गेली. मग मुठी गेल्या.

"बघा," ते म्हणाले, "किती शांत झालं."

वर्ग हुंकारला. मग ते लूझियाला म्हणाले, "आता तू बोल."

"काम करणारा गेला म्हणून शांत झालं, सर," ती म्हणाली. "मला शांत नको होतं. तो तिथेच राहील."

मास्तरांनी पुठ्ठे खाली ठेवले. "ठीक आहे. फोटो तुझा आहे," म्हणाले. त्यांचं हे वाक्य मी मुद्दाम सांगते आहे. बाकी काही असो, तो माणूस एवढं सगळ्यांसमोर बोलला होता. तुम्हाला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं आणि तुम्ही ऐकलं नाही.

मग तुमच्याकडून फोन आला की वार्षिक प्रदर्शनासाठी हाच फोटो निवडलाय, दारातच लावणार, भिंतीएवढा मोठा करून. लूझियानं फिल्म नेऊन दिली. आमारोनं लग्नातला कोट काढला. तो पोटावर बसेना, तेव्हा मी बटणं सरकवून दिली. बतिस्तानं केस कापून घेतले आणि धक्क्यावर जाहीर केलं, "मी आमारोचा मॅनेजर आहे, सही हवी असेल तर माझ्याकडून घ्या." त्याच्याच ट्रकमधून आम्ही आलो.

"या, या, लूझियाच्या घरची मंडळी," तुम्ही म्हणालात.

आम्ही आत आलो. समोर भिंतभर धुकं. बोट. दोर. तो दोर डाव्या काठापासून सुरू होत होता, हवेतून. त्याच्या अलीकडे तुमची पांढरी भिंत होती.

"आमारो," बतिस्ता म्हणाला, "दोर कुणी धरलाय रे? पवित्र आत्म्यानं?"

तो एकटाच हसला. मग त्याला आमारोचा चेहरा दिसला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

आमारो भिंतीकडे बघत होता. "धुकं छान आलंय," तो म्हणाला.

लूझिया तुमच्यापाशी आली. मी तिच्या मागेच होते, म्हणून जे बोललं गेलं ते मी ऐकलंय. विसरला असाल तर आठवण करून देते.

ती म्हणाली, "हा माझा फोटो नाही."

"तुझाच आहे, थोडा नेटका केलाय. भिंतीच्या मापात बसवायला कडेचं जरासं घ्यावं लागलं. रचना उलट बळकट झाली."

"कडेचं जरासं म्हणजे माझे बाबा."

"अगं, पण त्यांचा चेहरा तरी कुठे दिसत होता?"

चेहरा दिसला तरच माणूस मोजायचा, हे तिला तुमच्याकडूनच पहिल्यांदा कळत होतं.

"उतरवा," ती म्हणाली.

"आत्ता? पाहुणे आलेत. आणि हे बघ, प्रदर्शनात काम नसेल तर तुझं वर्ष धरता येणार नाही. नीट विचार कर."

"केला. उतरवा."

"सोमवारी बोलू," तुम्ही म्हणालात आणि दुसऱ्या कुणाशी तरी हात मिळवायला वळलात.

तेवढ्यात काय झालं ते तुम्ही पाहिलं नाहीत. लोकांच्या वाटेत नको म्हणून आमारो बाजूला सरकून उभा राहिला होता. फोटोच्या डावीकडे, भिंतीला लागून. तिथे मोकळी जागा होती, एवढंच कारण. मोत्यांची माळ घातलेली एक बाई फोन वर धरून म्हणाली, "जरा सरकता का? फोटोत येताय तुम्ही."

"माफ करा," आमारो म्हणाला आणि सरकला. घाईघाईनं, तो दुखरा गुडघा ओढत. तुफानात दोरानं तळहात सोलले गेले तरी तो जागचा हललेला मी पाहिला नव्हता. त्या बाईनं साधं म्हटलं, आणि हलला.

परतताना ट्रक बतिस्ताच चालवत होता. आम्ही तिघं त्याच्या शेजारी दाटीवाटीनं बसलो होतो. पुलावर आल्यावर आमारो म्हणाला, "लूझिया, मी जरा आत उभं राहायला हवं होतं का गं?"

"नाही, बाबा."

"आतला खुंटही होता मोकळा. तू म्हणाली असतीस तर तिथे गेलो असतो."

"बाबा, नाही म्हटलं ना."

"तुला सांगता येत नाही, तुझा नियम आहे, ते मला माहीत आहे. पण मला कळायला हवं होतं. एवढं चांगलं काम तुझं, माझ्यामुळे कापावं लागलं त्यांना."

"लिंदा आत्या, तू तरी सांग त्यांना," लूझिया म्हणाली. मी सांगितलं. ज्या भाषेत सांगितलं ती इथे लिहीत नाही. आमारोनं मान हलवली, मोठ्या बहिणीपुढे धाकटा भाऊ हलवतो तशी, आणि काचेबाहेर बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांना डबा द्यायला धक्क्यावर गेले. लूझिया बर्फखान्याच्या दारापाशी, कॅमेरा डोळ्याला. 'सांता रीता' आत येत होती. आमारो आपल्या नेहमीच्या खुंटापाशी नव्हता. आतल्या खुंटापाशी उभा होता, बरोबर तिच्यासमोर, मधोमध. दोर झेलला, वेढा दिला आणि मागे वळून कॅमेऱ्याकडे तोंड केलं. हनुवटी वर, पासपोर्टच्या फोटोला बसावं तशी. दोर त्याच्या पाठीमागून वाकडा जात होता. डेकवरून कप्तान ओरडला, "आमारो, इकडे बघ, बोट इकडे आहे." आमारोनं मान वळवली नाही.

लूझिया थांबली. तिचं बोट बटणावर होतं. बोट धक्क्याला लागली, पेट्या उतरू लागल्या, तरी ती तशीच. मग तिनं न दाबताच कॅमेरा पिशवीत ठेवला.

त्यानंतर तो रोज तिथेच उभा राहतो. मधोमध, तोंड इकडे करून, तुम्हाला कापता येऊ नये म्हणून. आणि ती रोज येते, थांबते, काही न काढता बस पकडते. त्याला जुन्या जागी जा म्हणावं तर तिचा नियम मोडतो. मी म्हटलं तर तो मान हलवतो. त्याला वाटतं, आम्ही घरची माणसं, बरं वाटावं म्हणून बोलतो. शिकलेल्यांनी ठरवलंय, ते उगाच नसेल.

सोमवार होऊन गेला. तुमचा फोन नाही. फोटो अजून दारात आहे, मी स्वतः जाऊन पाहून आले. लूझियाच्या वर्षाचं काय करायचं ते करा, तिनं तिचं उत्तर तुम्हाला उभ्याउभ्या दिलंय. उत्तर तुमच्याकडून येणं आहे, आणि ते मला नकोय, तिलाही नकोय, ते आमारोला द्या. ज्यानं कुणी तो डावा काठ आत घेतला त्यानं पहाटे आमच्या धक्क्यावर यावं. आमारो आतल्या खुंटापाशी सापडेल. त्याच्यासमोर उभं राहून, त्याच्या चेहऱ्याकडे बघून, आता तो दिसतोय, एवढंच सांगावं: तो चुकीच्या जागी उभा होता का? हो की नाही?