खिळे ठोकलेल्या खिडक्या

“आजी, खिडक्यांचं राहू द्या. काहीतरी छानसं सांगा ना,” म्हणत संग्रहालयाच्या बाईंनी कॅमेरा बंद केला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आजी म्हणे! मी आणि माझी धाकटी जाऊ ज्या गिरणीत उभा जन्म मागांवर राबलो, तिचं आता संग्रहालय होणार होतं आणि कामगारांच्या आठवणी तिथे पडद्यावर दाखवणार होते. मला सांगायचं होतं ते एवढंच. वाऱ्याने सूत तुटतं म्हणून मुकादमाने आमच्या खात्याच्या खिडक्यांना खिळे ठोकले. कापसाची तूस छातीत बसून जाऊ खोकून खोकून मेली. तो म्हणाला, तिची प्रकृतीच तोळामासा. त्या भिंतींच्या आत हे एकदा तरी कुणी बोलायला हवं होतं.

“हे नको असेल तर मी निघते.”

“रागावू नका हो. उद्घाटनाला मुकादमसाहेबच पाहुणे आहेत, बरं दिसत नाही ते. त्यापेक्षा मागांच्या खडखडाटात तुम्ही नुसते ओठ हलवून बोलायचात ना, ते दाखवा. आवाज नकोच.”

“आणि बोलू काय?”

“काहीही बोला. कुणाला कळणार आहे?”

आम्हाला सगळ्यांना कळायचं. सासूच्या कागाळ्या, मुकादमाच्या ढेरीची टिंगल, सगळं आम्ही ओठांवरच बोलायचो. मुकादमही ते शिकला होता. लांबून वाचायचा आणि त्यावरून आमच्या रजा कापायचा. मी कॅमेऱ्यात बघितलं आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सावकाश ओठांवर आणलं. बाई म्हणाल्या, “किती गोड.”

उद्घाटनाला मुकादम पहिल्या रांगेत होता, मांडीवर फुलांचा गुच्छ. “आम्ही सगळे एका कुटुंबासारखे होतो,” असं भाषणात सांगून तो बसला आणि पडदा उजळला. त्यावर माझं दाराएवढं तोंड, मुकं. मी मागच्या बाकावर आमच्या खात्यातल्या बायकांबरोबर बसले होते. त्या आधी पडद्याकडे बघत होत्या, मग एकेक करत मुकादमाकडे बघायला लागल्या.

“बंद करा ते,” तो बाईंना म्हणाला.

“का साहेब? आवाज मुद्दामच नाही ठेवलेला.”

का, ते त्याला सांगता येईना. सांगायचं तर ते त्यालाच मोठ्याने बोलावं लागलं असतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

फिल्म संपली आणि पुन्हा पहिल्यापासून लागली. तेव्हा तो उठला. नव्या काचेच्या, सताड उघड्या खिडक्यांतून वारा येत होता, तरी त्याला घाम फुटला होता. दाराकडे जायची वाट आमच्या बाकावरून होती. तो जवळ आला तशा आम्ही सगळ्यांनी मिळून जावेचं नाव घेतलं, नुसत्या ओठांनी.

त्याने मान खाली घातली, पण तोवर वाचून झालं होतं.